टोस्टवरचा देव आणि आत्याची पुडी

अमेरिकेत ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीहून इंटरस्टेट ७५ धरून उत्तरेला निघालं, की मनरो गावापाशी हमरस्त्याच्या कडेलाच एका चर्चसमोरच्या तळ्यातून येशू वर आलेला दिसायचा. छातीपासून वरचाच. ६२ फूट उंच, दोन्ही हात आभाळाकडे. अमेरिकन फुटबॉलमध्ये टचडाउन झाला की पंच असेच हात वर करतो, म्हणून लोक त्याला ‘टचडाउन जीझस’ म्हणायचे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा नवऱ्याला म्हटलं, “अरे, हा बुडतोय. काढा त्याला कुणीतरी.”

१४ जून २०१० च्या रात्री त्या पुतळ्यावर वीज पडली. आत फोम आणि फायबरग्लास, सगळा पेटला. सकाळी लोखंडी सांगाडा तेवढा उभा होता. रस्त्याच्या पलीकडे प्रौढांसाठीच्या ‘तसल्या’ वस्तूंचं मोठं दुकान होतं, त्याला मात्र काही म्हणता काही झालं नाही. त्या आठवड्यात ओहायोत यावर किती विनोद झाले असतील त्याला गणती नाही. मी साताऱ्याला फोन करून आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, सगळं सांगितलं. आप्पा खोखो हसले, आणि मग एकदम विज्ञानाच्या मास्तरांच्या आवाजात म्हणाले, “वीजवाहक बसवला नव्हता की काय?”

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे त्याच ओहायोतली, त्याच ७५ नंबरच्या रस्त्यावरची एक गोष्ट. मनरोहून आणखी दीडेक तास वर गेलं की लायमा लागतं. तेव्हा अडतीसेक हजार वस्तीचं गाव. एक तेलशुद्धीकरण कारखाना, एक लष्करी रणगाड्यांचा कारखाना, आणि बाकी आजूबाजूला मक्याची आणि सोयाबीनची शेतं. ‘ग्ली’ नावाची मालिका या गावात घडते. घडते म्हणजे कागदावर. शूटिंग सगळं कॅलिफोर्नियात आणि ती मॅकिन्ले हायस्कूल नावाची शाळा तर लायमात नाहीच. पण मी तिथून दोन तासांवर राहत होते, त्यामुळे मला ती मालिका आपल्या जिल्ह्यातली वाटायची.

ज्यांनी बघितली नसेल त्यांच्यासाठी: ग्ली क्लब म्हणजे शाळेतलं गाण्याचं मंडळ. फुटबॉलवाले आणि चिअरलीडर पोरी यांचं राज्य असलेल्या शाळेत गाणारी मुलं सगळ्यात खालच्या पायरीवर. येताजाता कुणीतरी त्यांच्या तोंडावर बर्फाच्या रंगीत सरबताचा ग्लास मारतं. स्पॅनिश शिकवणारे शूस्टर सर या मुलांना घेऊन स्पर्धा जिंकायची स्वप्नं बघतात, आणि चिअरलीडरांची प्रशिक्षक सू सिल्व्हेस्टर बारा महिने तेरा काळ ट्रॅकसूट घालून तो क्लब मोडायच्या मागे असते. दर भागात एक विषय आणि त्यावर पाचसात गाणी. अर्धीअधिक मालिका भंपक आहे हे मी आधीच कबूल करते. या भागात जिवाभावाची मैत्री, पुढच्या भागात कुणाला काही आठवत नाही. तरी बघायचे, कारण माझ्याकडे वेळच वेळ होता. नवऱ्याच्या व्हिसाच्या शेपटाला बांधलेला एच-४ व्हिसा, त्यावर तेव्हा नोकरीची परवानगी नव्हती. मुलगी दीड वर्षाची. मंगळवारी रात्री आठला ती झोपलेली असायची आणि मी सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन फॉक्स लावून बसायचे.

५ ऑक्टोबर २०१० च्या मंगळवारी लागला तो दुसऱ्या पर्वातला तिसरा भाग. नाव ‘ग्रिल्ड चीझस’. चीज आणि जीझस यांची भेसळ.

फुटबॉल खेळणारा आणि गाणारा फिन घरी चीज सँडविच भाजतो आणि त्याला टोस्टवर येशूचा चेहरा दिसतो. फिन मनाने चांगला, पण वरच्या मजल्यावर दिवा जरा मंद. तो ते सँडविच जपून ठेवतो आणि त्याच्यापुढे बसून मागण्या करायला लागतो. पहिली मागणी, फुटबॉलची मॅच जिंकू दे. जिंकतात. दुसरी मागणी त्याच्या मैत्रिणीबाबत, सोळासतरा वर्षांचं पोरगं जी करेल ती. तीही पुरी होते. तिसरी, मला संघात माझी जुनी जागा परत दे. आणि ज्या मुलाने ती जागा घेतलेली असते त्याचा मैदानावर खांदा निखळतो. तेव्हा कुठे फिनला घाम फुटतो.

लिहिणाऱ्यांनी हे हवेतून काढलेलं नाही. २००४ साली फ्लोरिडातल्या एका बाईंनी दहा वर्षं जपून ठेवलेलं सँडविच ईबेवर विकायला काढलं होतं. त्यावर मेरीचा चेहरा आहे असं त्यांचं म्हणणं. एक घास खाल्लेला, बाकीचं कापसात घालून प्लॅस्टिकच्या डबीत. ऑनलाइन जुगाराच्या एका कंपनीने ते २८ हजार डॉलरना घेतलं. आमच्या आईने शिळ्या भाकरीचा तुकडा दहा वर्षं ठेवला असता तर आप्पांनी तिला आधी बुरशीवर एक तास दिला असता.

आणि हसायचं तरी कुणी? २१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध प्यायला लागला तो दिवस. आमच्या गल्लीच्या टोकाच्या देवळात दुपारपर्यंत रांग पार एसटी स्टँडच्या दिशेला गेली होती. मी अकरावीत. आप्पा शाळेतून आले, सायकल भिंतीला लावली, आईच्या पाट्यावरचा वरवंटा उचलला, ओट्यावर उभा केला आणि त्याला चमच्याने दूध पाजलं. वरवंटा दूध प्यायला. मग चहाही प्यायला. मग आप्पांनी जमलेल्या पोरांना पृष्ठताण समजावून सांगितला, फरशीवर सांडलेलं दूध बोट लावून दाखवलं. पोरं खूश. आई तेवढी म्हणाली, “आता ह्याच्यावर चटणी वाटायची मी. आधी गरम पाण्यानं धुऊन द्या.”

तर असल्या घरातली मी. टोस्टवरचा येशू बघून मी मजेत हसत होते, आणि म्हणूनच पुढच्या वळणाला तयार नव्हते.

गाणाऱ्या मुलांमध्ये कर्ट हमेल नावाचा मुलगा आहे. समलिंगी, टापटीप, जिभेला धार. हे काम करणाऱ्या ख्रिस कोलफरसाठी ही भूमिका मुद्दाम लिहिली गेली होती. पुढे जानेवारी २०११ मध्ये त्याला गोल्डन ग्लोब मिळालं. कर्टची आई तो आठ वर्षांचा असताना गेली. वडील बर्ट गॅरेज चालवतात: चौकड्याचा शर्ट, डोक्यावर कळकट टोपी. मुलाचे कपडे आणि गाणी त्यांना फारशी कळत नाहीत, पण मुलगा कळतो. मालिकेत कुणी खरं माणूस असेल तर हा. बापलेकांचा दर शुक्रवारी रात्री एकत्र जेवायचा रिवाज असतो. या शुक्रवारी कर्टला गाण्याच्या कसल्याशा कार्यक्रमाला जायचं असतं, तो नाही म्हणतो, बापाचा चेहरा पडतो. आणि मग बर्टना गॅरेजमध्येच हार्ट अॅटॅक येतो. मेंदूला रक्त कमी पडतं, ते कोमात जातात.

क्लबमधल्या सगळ्यांचा देव एकदम जागा होतो. मर्सिडीज ही चर्चमध्ये गाणारी कृष्णवर्णीय मुलगी, कर्टची जिवाची मैत्रीण. ती वर्गात उभी राहून त्याच्यासाठी देवाला आळवणारं गाणं म्हणते, आणि ते काम करणाऱ्या अँबर रायलीचा आवाज असा आहे की माझ्यासारखीच्याही अंगावर काटा आला. गाणं संपतं. कर्ट म्हणतो, आवाज सुंदर आहे गं तुझा, पण माझा देवावर विश्वास नाही. मोठ्या माणसांचा सांताक्लॉज आहे तो. आणि असलाच तर फार वाईट वागतो: मला असा घडवतो आणि मग त्याचेच भक्त मला येऊन सांगतात की हे तूच निवडलंयस. चंद्राच्या मागच्या बाजूला जादूची किटली तरंगत नाही हे तुम्हाला सिद्ध करता येणार नाही, पण तशी असेल असं वाटतं का? (ही किटली मूळची बर्ट्रांड रसेलची. १९५२ सालच्या एका निबंधातली. मालिकेवाल्यांनी तिच्यात काय काय चावट भर घातली ते इथे लिहीत नाही.)

मी सोफ्यावर ताठ बसले. अमेरिकेतल्या मुख्य वाहिनीवर, जेवणाच्या वेळेनंतर लगेच, सतरा वर्षांचं पोरगं हे सरळ म्हणतंय आणि मालिका त्याला खलनायक करत नाहीये. आपल्याकडच्या कथांमध्ये नास्तिकाचं एक ठरलेलं असतं. पहिल्या अंकात तो देव्हाऱ्याकडे पाठ करून उभा, तिसऱ्या अंकात बायको किंवा पोरगं आजारी, आणि पडदा पडायच्या आत त्याचे हात जोडलेले. घंटा वाजते, प्रेक्षक टाळ्या वाजवतात. मी त्या भागात तिसऱ्या अंकाची वाट बघत बसले. आला नाही.

मध्ये शाळेचं एक प्रकरण आहे, ते आपल्याला चटकन कळत नाही. सू कर्टला पुढे करून तक्रार करते की सरकारी शाळेत देवाची गाणी चालणार नाहीत. तिकडे १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळेने घडवून आणलेली प्रार्थना घटनाबाह्य ठरवली आहे. मुलाने आपलं आपण बसून देवाचं नाव घ्यायला कुणाची हरकत नाही, पण शाळेने म्हणायला लावायचं नाही. मी ज्या शाळेत शिकले, जिथे आप्पा शिकवत होते, तिथे रोज अकराला प्रार्थना व्हायची, पाटीवर सरस्वती काढून तिची पूजा व्हायची. आप्पा प्रार्थनेला हात बाजूला सोडून, ताठ, समोर बघत उभे राहायचे. तक्रार कधी केली नाही. एकदा मी विचारलं तेव्हा म्हणाले, “पोरं एका सुरात म्हणतात, ऐकायला बरं वाटतं.”

सूला असं काही बरं वाटत नाही. आणि या भागातला सगळ्यात चांगला प्रसंग, माझ्या मते, गाण्यांमधला नाहीच; तो सूचा आहे. तिची थोरली बहीण जीन हिला डाउन सिंड्रोम आहे (काम करणाऱ्या रॉबिन ट्रोकींनाही आहे). सू सांगते, लहानपणी लोक जीनला हसायचे, म्हणून मी रोज रात्री देवाला म्हणायचे हिला बरी कर. काही झालं नाही. मग आणखी जोर लावून म्हणायला लागले. मग एके दिवशी लक्षात आलं की माझा जोर कमी पडत नव्हता. ऐकणारंच कुणी नव्हतं. नंतर ती जीनकडे जाते, दोघी पट मांडून खेळत बसतात, आणि सू विचारते, तुझा देवावर विश्वास आहे? जीन म्हणते, आहे. आणि देव चुका करत नाही. मग विचारते, मी तुझ्यासाठी प्रार्थना करू का? आणि ही कजाग, कुणालाही न जुमानणारी बाई म्हणते, कर, बरं वाटेल. बस एवढंच. सूचं काम करणाऱ्या जेन लिंचने चेहऱ्यावर काही केलेलं नाही.

दवाखान्यात मैत्रिणी बर्टच्या खाटेभोवती उभ्या राहून आपापल्या देवाला आळवत असतात तेव्हा कर्ट येतो आणि सगळ्यांना बाहेर काढतो. मला हे नकोय, विचारल्याशिवाय का आलात? बरोबर सुया टोचणारी एक उपचारक आणलेली असते. मी टाळ्या वाजवायच्या बाकी होते. शाब्बास रे पठ्ठ्या. ही सुया टोचणारी बाई आणि ते प्रार्थना करणारे यांत फरक काय, हा प्रश्न तेव्हा मला सुचला नाही. मालिकेलाही तो फारसा सुचलेला दिसत नाही.

मग ते गाणं. मर्सिडीजच्या चर्चमध्ये तो जाऊन येतो (झोकदार हॅट घालायला मिळेल या आमिषाने जातो, हे कर्टलाच शोभतं), तिथे ती सांगते की कशालातरी धरून राहावं लागतं रे, काहीतरी पवित्र असावं लागतं. पण त्याच्याही आधी शाळेत त्याने एक गाणं म्हटलेलं असतं. बीटल्सचं, १९६३ सालचं, हात हातात घेऊ दे म्हणणारं. मूळ गाणं म्हणजे टाळ्या, गिटार, उड्या मारणाऱ्या पोरी; पहिल्या प्रेमाची सगळी घाई त्यात आहे. कर्ट ते अगदी संथ म्हणतो. आईच्या अंत्यविधीला बापाने आपला हात धरला होता, ते सांगून म्हणतो. मधे मधे दिसतं: बाप सायकल शिकवतोय, लहानगा कर्ट चिमुकल्या कपबश्या मांडून बापाला खोटा चहा पाजतोय आणि बाप गंभीरपणे पितोय. शब्द एकही बदललेला नाही. प्रियकराचं गाणं लेकाचं झालं. लावणीतला शृंगार जरा लय उतरवली की विरहिणी होतो हे आपल्याला माहीत आहे. पण इथे नातंच बदललं, आणि शिवण कुठे दिसली नाही.

शेवटी कर्ट बापाच्या खाटेशी बसतो आणि म्हणतो, त्यांना प्रार्थना करू द्यायला हवी होती. ते माझ्यासाठी नव्हतं, तुमच्यासाठी होतं, आणि चांगलं होतं. माझा देवावर विश्वास नाही, बाबा. तुमच्यावर आहे. आपल्या दोघांवर आहे. माझ्यासाठी तेच पवित्र. आणि बापाचं बोट हलतं.

इथे मात्र मी चिडले होते. बोट हलवायला नको होतं. अख्ख्या भागात कुणालाच जिंकू दिलं नाही, ना चर्चला ना किटलीला, आणि शेवटी लिहिणाऱ्यांनाच धीर धरवला नाही. तिकडे फिन सगळ्यांबरोबर स्टेजवर देवाचं गाणं म्हणतो आणि उरलंसुरलं सँडविच खाऊन टाकतो. त्याला एका बाईंनी समजावलेलं असतं की तव्याची उष्णता सगळीकडे सारखी नसते, त्यातून असे चट्टे उठतात. वरवंटाच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी आप्पांना फोनवर हे सगळं सांगितलं. पितृपक्ष चालू होता, मागे आई कावळ्याला हाका मारत होती. आप्पांना किटली फार आवडली. रसेलचं नाव ऐकून म्हणाले, “कर्टला आपल्याकडे पाठव.”

त्यानंतर २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात नरेंद्र दाभोलकरांना मारलं. दाभोलकर साताऱ्याचे, आप्पा आमच्या घरातून उठून त्यांच्या शिबिरांना जात आलेले. आई म्हणाली दोन दिवस बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी शर्टाला इस्त्री करून शाळेत व्याख्यानाला गेले. पृष्ठताणावर.

२०१४ च्या डिसेंबरात भावाचा फोन आला. आप्पांना स्टेंट घातलाय, पण छातीत पाणी झालंय, व्हेंटिलेटरवर ठेवलंय, तू ये. मी मुंबईला उतरले, गाडी करून पहाटे खंबाटकी चढले, आणि बॅग घेऊनच साताऱ्यातल्या त्या हॉस्पिटलात गेले. आयसीयूत भेटायची वेळ सकाळी दहा मिनिटं, संध्याकाळी दहा मिनिटं, एका वेळी एकाने.

आप्पांना गुंगीत ठेवलं होतं. मला कर्ट आठवला, खरंच आठवला. मी वाकले आणि त्यांचा हात धरला. बोटाला एक क्लिप लावलेली असते, ऑक्सिजन मोजायची, ती माझ्या हातात निसटून आली आणि डोक्यावरचं यंत्र बोंबलायला लागलं. सिस्टर धावत आल्या. “काय केलंत? हात लावायचा नाही!” क्लिप परत लागली, आकडा परत आला, मला बाहेर काढलं. बोट वगैरे काही हललं नाही.

पण वाकले होते तेव्हा उशीखालून काहीतरी डोकावताना दिसलं होतं, ते मी ओढून घेतलं होतं. वर्तमानपत्राच्या कपट्याची पुडी. आत अंगारा.

कॉरिडॉरमध्ये बाकड्यावर आत्या बसली होती. आप्पांची थोरली बहीण, वय ऐंशीच्या पुढे, कोरेगावकडच्या खेड्यातून भाच्याच्या मोटरसायकलवर बसून आलेली. वॉर्डातल्या मामाला पन्नास रुपये देऊन तिने ती पुडी आत पोचवली होती. मी विमानात दोन रात्री झोपले नव्हते, हे कारण म्हणून सांगत नाही, पण सांगते. मी तिला त्या कॉरिडॉरमध्ये, लोकांच्या देखत, बोलले. आप्पा आयुष्यभर ज्याच्या विरुद्ध लढले तेच त्यांच्या उशीखाली ठेवतेस? ते बोलू शकत नाहीत म्हणून? त्यांना विचारलंस? बोलताना मला माझंच वाक्य ओळखीचं वाटत होतं. कुठलं ते नंतर कळलं.

आत्या ऐकून घेत होती. पदराने तोंड पुसलं. मग म्हणाली, “त्येला कुठं लागतंय ते? त्येला काय बी लागत न्हाई, बारकं असल्यापास्नं. मला लागतंय.”

मी गप्प.

“आई गेली तवा सहा म्हयन्यांचा हुता. म्या कडंवर घिऊन हिंडवलाय त्येला. आता आत बी सोडत न्हाईत मला, म्हातारीला जंतू असत्यात म्हनं. मग म्या काय करू हितं बसून? सांग की. काय करू?”

कर्ट बापाला म्हणतो, ते माझ्यासाठी नव्हतं, तुमच्यासाठी होतं. सगळ्यांना ते वाक्य आवडतं, मलाही आवडलं होतं. पण कर्टचं तेवढं चुकलं असं मला आता वाटतं. मर्सिडीज खाटेशी उभी होती ती बर्टसाठी नव्हती. बर्टला डॉक्टर होते. ती स्वतःसाठी उभी होती, कारण मित्राचा बाप मरायला टेकला असताना हात रिकामे ठेवून नुसतं बसता येत नाही. कर्टने सुयावाली बाई आणली ती त्याच कारणासाठी, आणि मी यंत्राची क्लिप काढली तीही. आप्पांनी असल्या वेळी काय केलं असतं? बहुतेक व्हेंटिलेटर कसा चालतो ते बाकड्यावरच्या सगळ्यांना समजावून सांगितलं असतं.

पुडी माझ्या मुठीतच होती, घामाने कागद मऊ झाला होता. संध्याकाळी भावाच्या वाट्याची दहा मिनिटं मी मागून घेतली. सिस्टर दुसऱ्या खाटेकडे वळल्या तेव्हा ती पुडी परत होती तिथे सरकवली. माझा विश्वास तेव्हाही नव्हता, आजही नाही. देवाला मी काही म्हटलंही नाही. बाहेर येऊन आत्याला फक्त म्हणाले, “ठेवली.” तिने विचारलं, “उशाला का पायथ्याला?” म्हटलं, उशाला. मग आम्ही दोघींनी चहा घेतला. भयंकर गोड होता.

पाचव्या दिवशी नळी काढली. आठव्या दिवशी आप्पांना जनरल वॉर्डात हलवलं. औषधं, वय, वेळेवर नेलं म्हणून. डॉक्टरांनी कारणं दिली ती मला पटली. आत्याला तिची कारणं पटली होती. त्यावर आमच्यात चर्चा झाली नाही.

वॉर्डातल्या मामाने पहिल्या खोलीतून उशीसकट सगळं सामान आणून टाकलं, आणि चादर झटकताना ती पुडी आप्पांच्या मांडीवर पडली. आप्पांनी उचलली. आवाज अजून नळीमुळे बसलेला होता. “हे कोणी ठेवलं?”

आत्या खिडकीतून अजिंक्यताऱ्याकडे बघायला लागली. भाऊ मोबाइलकडे. मी म्हणाले, “मी.”

आप्पांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे बघितलं. ओहायोतल्या पुतळ्यावर हसणारी, किटली सांगणारी लेक. काही बोलले नाहीत. पुडी उलगडली, राख तळहातावर घेतली, आणि आता हिचं काय करायचं ते न कळून हात तसाच पुढे धरून बसले. आत्या उठली. भावाच्या तळहातावरची राख तिने बोटाने टिपून स्वतःच्या कपाळाला लावली, उरलेली पदराच्या टोकाला बांधली, आणि तळहात पदरानेच पुसून दिला.

आप्पांच्या हातात कागदाचा कपटा राहिला. आठ दिवस त्यांच्या डोळ्यांसमोर छापलेलं अक्षर आलं नव्हतं. त्यांनी तो मांडीवर पसरला, सुरकुत्या काढल्या, चष्मा सारखा केला आणि वाचायला लागले. वरच्या बाजूला आल्याचे बाजारभाव होते. खाली वाचकांच्या पत्रव्यवहारातलं कुणाचं तरी रस्त्यावरच्या खड्ड्यांबद्दलचं पत्र, मधेच फाटलेलं. आप्पांनी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं, कागद उलटा करून बघितला, आणि आत्याकडे मान वर केली.

“आक्का, ह्याचा पुढचा तुकडा कुठंय?”